सीझनआधी सगळं ऑफिस एका शीटवर आणायचं तर

दोन वर्षांपूर्वी अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी आमच्या शेडमध्ये आंब्याच्या पाच डझनी बावीस पेट्या भरून तयार होत्या, आणि त्या दोन ठिकाणी विकल्या गेल्या होत्या. तात्यांनी, म्हणजे आमच्या हिशेबनिसांनी, त्या पुण्याच्या एका सोसायटीच्या नावे वहीत लिहिल्या होत्या. मुंबईत बसून ऑर्डरी घेणाऱ्या आमच्या ऑफिसातल्या मुलीने एक्सेलमध्ये बावीस शिल्लक बघितल्या आणि ठाण्याच्या गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन ती मोकळी झाली. तिची एक्सेल चुकीची नव्हती, आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली होती एवढंच. साडेसहाला गाडी सुटणार होती. सहा वाजता मी शेडच्या दारात दोन कानांना दोन फोन लावून दोन्हीकडे खोटं बोलत होते.

त्यानंतरच्या वर्षभरात मी जे केलं, जे चुकलं आणि जे जमलं, ते इथे लिहिते आहे. आंबा, काजू, होमस्टे, मच्छी अशा धंद्यांतली आठ-दहा माणसांची ऑफिसं देवगडपासून अलिबागपर्यंत गावोगाव आहेत. त्यांत कधी ना कधी मालक कोणाला तरी म्हणतो, ‘आता हे सगळं ऑनलाइन करून टाक.’ तो कोणीतरी तुम्ही असाल तर हे तुमच्या उपयोगाचं आहे. सॉफ्टवेअर शिकायला एक दुपार पुरते. माणसं त्यावर यायला मला सहा महिने लागले, म्हणून माणसांबद्दलच जास्त लिहिणार आहे.

हे असतं काय

पॅकिंगच्या शेडमध्ये भिंतीवर फळा असतो. आज किती पेट्या भरल्या, चार डझनी किती, पाच डझनी किती, कोणती गाडी, सगळं खडूने लिहिलेलं. मुकादम पुसतो आणि नवीन आकडा लिहितो, बाकीचे मान वर करून बघतात. फळा एकच असल्यामुळे ‘तुझ्या फळ्यावर किती?’ असं कोणी विचारत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक्सेल पाठवणं म्हणजे त्या फळ्याची झेरॉक्स काढून घरोघर वाटणं. पाच मिनिटांत फळा बदलतो, झेरॉक्स तशाच राहतात, आणि वर प्रत्येक जण आपापल्या झेरॉक्सवर पेनाने लिहायला लागतो. गुगल शीट्स, एक्सेलची ऑनलाइन आवृत्ती किंवा झोहो शीट ही साधनं म्हणजे तो फळाच. फक्त तो देवगडच्या शेडमधून, मुंबईच्या घरातून आणि गाडीत बसलेल्या मालकाच्या फोनवरून एकाच वेळी दिसतो आणि तिन्हीकडून लिहिता येतो. पत्रं, कोटेशन, अर्ज यांच्यासाठी तीच सोय गुगल डॉक्समध्ये आणि ऑनलाइन वर्डमध्ये आहे.

आमच्या लोकांना मी एवढंच सांगितलं. ‘क्लाउड’ हा शब्द तोंडातून काढला नाही. आमच्याकडे ढग आले की आधी लाइट जाते. ढगात ठेवलेल्या हिशेबावर कोण विश्वास ठेवणार?

कोणतं घ्यायचं

यावर आठवडा घालवू नका. ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे त्यांच्याकडे गुगलचं खातं आधीच आहे, म्हणून आम्ही गुगल घेतलं. तुमचे सीए किंवा मोठे गिऱ्हाईक एक्सेलच्याच फायली मागत असतील आणि त्यांत मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) वगैरे असतील तर मायक्रोसॉफ्ट घ्या. झोहो ही चेन्नईची कंपनी, तिचंही चांगलं चालतं. फुकट जागा गुगलवर १५ जीबी मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. आंब्याचे फोटो काढून काढून ती भरते, शीटने भरत नाही. वनड्राइव्हवर फुकट ५ जीबी आहे.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करा. धंद्याच्या नावाने वेगळं खातं उघडा आणि सगळ्या फायली त्या खात्यातूनच बनवा. मालकाच्या भाच्याने हौसेने स्वतःच्या जीमेलमधून शीट बनवली, पुढे तो नोकरीला बेंगळुरूला गेला आणि खातं बंद करून बसला, की फाईल त्याच्याबरोबर गेली. त्या खात्याचा पासवर्ड दोघांकडे असावा, आणि त्याचा रिकव्हरी नंबर अशा माणसाचा असावा जो धंदा सोडून कुठे जाणार नाही.

कधी सुरू करायचं

एप्रिलमध्ये कोणालाही काहीही नवीन शिकवू नका. मी पहिला प्रयत्न मार्चच्या शेवटी केला होता. तिसऱ्या दिवशी मुकादमाने फोन खिशात घातला, खडू उचलला आणि फळ्याकडे गेला. त्याचं बरोबरच होतं.

आंबेवाल्यांसाठी दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर हा काळ चांगला. कलमांना मोहोर येत असतो, फवारण्या चालू असतात, गिऱ्हाइकांचे फोन अजून सुरू झालेले नसतात. होमस्टेवाल्यांचा डिसेंबर गर्दीत जातो, त्यांनी पावसाळ्यात बसावं. मच्छीवाल्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा वेळच वेळ, पण लाइटची खात्री नाही. गणपतीच्या आगेमागे पंधरा दिवस आणि शिमग्याचा आठवडा कॅलेंडरवर आधीच फुली मारून ठेवा.

सरावाला बिनधोक काम घ्या

ऑर्डरींची शीट ही आमची खरी गरज होती. पण सुरुवात तिने केली असती तर पहिली चूक थेट गिऱ्हाइकाच्या दारात गेली असती. म्हणून डिसेंबरात आधी फवारणीची नोंद शीटवर घेतली: कोणती बाग, कितवी फवारणी, औषध, प्रमाण, तारीख, कोणी केली. ही नोंद तशीही ठेवावी लागते. निर्यातीसाठी मँगोनेटवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन नोंदणीत, बाग नोंदवलेली असेल तर फवारणीचा हिशेब कधीही मागितला जातो. त्यात आठ दिवसांनी एखादा खाना रिकामा सापडला तर आभाळ कोसळत नाही, बागेतल्या माणसाला विचारून भरता येतो. दोन महिन्यांत सगळ्यांची बोटं वळली. फेब्रुवारीत ऑर्डरींची शीट काढली तेव्हा ‘लिंक कशी उघडायची’ हा प्रश्न संपलेला होता.

तुमचा धंदा दुसरा असेल तर खरी गरज कोणती ते असं शोधा: दोन दिवस टेबलावर कोरा कागद ठेवा आणि ऑफिसात एकाने दुसऱ्याला एकच गोष्ट विचारली की रेघ मारा. ‘पेट्या किती उरल्या?’, ‘वरची खोली शनिवारी रिकामी आहे का?’, ‘बर्फाचे पैसे दिले का?’ ज्या प्रश्नापुढे सगळ्यात जास्त रेघा, त्याची शीट. बाकी सगळं राहू दे. रोजमेळ टॅलीत आहे ना? मग तो तिथेच बरा आहे.

शीट बनवताना

माझी पहिली शीट एकोणीस रकान्यांची होती. रंगीत होती, सुंदर होती. तात्यांनी चष्मा पुसून ती डावीकडून उजवीकडे पूर्ण बघितली आणि विचारलं, “ह्येच्यात शेरो खंय हा?”

त्यांच्या वहीत सगळ्यात उजवीकडे ‘शे.’ असा बोटभर रकाना आहे. त्यात ते ‘पायरीपण घेतो’, ‘वॉचमनकडे ठेवणे’, ‘बोलका’ असं लिहितात. ‘बोलका’ म्हणजे या गिऱ्हाइकाला फोन केला तर वीस मिनिटं जातात, गाडी भरायच्या वेळी करू नये. तीस वर्षांचं शहाणपण त्या बोटभर रकान्यात आहे आणि मी तोच उडवला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांची वही समोर ठेवून, तिच्यातलेच रकाने त्याच क्रमाने आणि त्यांच्याच शब्दांत घेऊन नवीन शीट केली. तारीख, नाव, गाव, फोन, डझन, पेट्या, दर, गाडी, जमा, बाकी, शे. भर फक्त एकाची घातली, ‘स्थिती’. त्यात ड्रॉपडाउन लावला: घेतली, भरली, गेली, पोचली. लिहायचं नाही, नुसतं निवडायचं. या एका रकान्याने निम्मे फोन कमी केले.

थोडं तांत्रिक, पण कामाचं. वरची ओळ ‘फ्रीझ’ करून ठेवा, म्हणजे दोनशेव्या ओळीवरही रकान्याचं नाव दिसत राहतं. आकडे इंग्रजी अंकांतच टाकायची सवय लावा, नाहीतर बेरजेचा घोळ होतो. नावं-गावं मराठीत असू देत. एका खान्यात एकच गोष्ट. ‘५ पेट्या, २ उद्या’ असं लिहिलं की बेरीज मेलीच. त्याच्या दोन ओळी करा. दराचा रकाना ‘प्रोटेक्ट’ करून ठेवा, म्हणजे तो दोघांनाच बदलता येईल. ओळी संपतील याची काळजी करू नका. एका गुगल शीटमध्ये १ कोटी खाने मावतात, तेवढ्या पेट्या भरायची वेळ आली तर मला नक्की फोन करा.

मराठीचा घोळ

यावर कोणी बोलत नाही, आणि निम्म्या ऑफिसांची गाडी इथेच अडते. जुन्या फायली ड्राइव्हवर चढवल्या की उघडल्यावर दिसतं ते मराठीही नसतं आणि इंग्रजीही नसतं. नवीन माणसाला वाटतं फाईल खराब झाली. मग ‘आपलं जुनंच बरं’ म्हणून सगळे परत फिरतात.

फाईल ठीक असते. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली होती. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टाइप करत होतात, फाँटने फक्त मुखवटा चढवला होता. फाँट काढला की मुखवटा गेला. युनिकोडमध्ये ‘क’ला ‘क’चाच क्रमांक असतो, त्यामुळे तो फोनवर, संगणकावर, कुठेही ‘क’च दिसतो. जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो. आणल्यावर रफार, ‘ऱ्या’ आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, तिथेच गफलत होते. दहा वर्षांच्या सगळ्या फायली बदलत बसू नका. जी लागेल ती, लागेल तेव्हा.

टायपिंगसाठी माणसागणिक वेगळा उपाय आहे. टाइपरायटरवर शिकलेल्या माणसाला नवीन कळफलक लादू नका, रेमिंग्टन पद्धतीने युनिकोड टाइप करता येतं, तसं त्याच्या संगणकावर बसवून द्या. तरुण मुलांना विंडोजमधला मराठी फोनेटिक कळफलक पुरतो. आणि फोनवर जीबोर्ड या गुगलच्या कळफलकाचा माइक दाबून मराठीत बोललं की तो लिहितो. ‘मला टाइप करता येत नाही’ म्हणणारे निम्मे लोक माइक दाखवल्यावर गप्प झाले. अर्थात प्रमाण मराठीत बोलावं लागतं. आमचा मुकादम पहिल्या दिवशी माइकशी मालवणीत बोलला, आणि फोनने जे लिहिलं त्याचा अर्थ रवळनाथालाच ठाऊक.

माणसं

नको म्हणणारे तीन तऱ्हेचे असतात आणि तिघांची कारणं वेगळी.

पहिले तात्यांसारखे. “माका ह्या जमाचा नाय, मी आपलो वहीतच लिवतंय.” मला आधी वाटलं त्यांना संगणकाची भीती आहे. पण ते टॅली डोळे मिटून चालवतात. दोन-तीन दिवस त्यांच्याशेजारी बसल्यावर उलगडा झाला. वही त्यांच्या खणात असते. कोणाला काही हवं असेल तर त्यांना विचारावं लागतं. शीट झाली की कोणी त्यांच्या टेबलापाशी येणार नाही, आणि त्यांच्या हातून खाडाखोड झाली की ती मात्र मुंबईपर्यंत दिसणार. हे दोन्ही त्यांना नको होतं, आणि कोणालाही नकोच असेल.

तेव्हा पहिलं काम, शीटचा ताबा त्यांच्याकडे दिला. रकाना वाढवायचा, काढायचा, नाव बदलायचं, सगळं तात्यांना विचारून. मालकांनाही नवीन रकाना हवा असेल तर तात्यांना सांगावं लागतं. “तात्यानू, तुमची वही कोण घेवचो नाय,” असं मी त्यांना तोंडाने सांगितलं होतंच, पण विश्वास बसला तो मालकांचा रकाना त्यांनी नामंजूर केला तेव्हा.

दुसरं काम चुकीची भीती घालवायचं. एका दुपारी चहाच्या वेळी सगळ्यांना संगणकाभोवती बोलावलं आणि तात्यांना म्हटलं, कंट्रोल आणि ए दाबा. सगळी शीट निळी झाली. आता डिलीट दाबा. ते दाबेनात. त्यांचा हात धरून मीच दाबलं. दीडशे ओळी गेल्या, पांढरं झालं सगळं. मुकादमाचा कप अर्ध्यावर थांबला. मग फाईल मेनूत जाऊन व्हर्जन हिस्टरी उघडली, दहा मिनिटांपूर्वीची वेळ निवडली, ‘रिस्टोर’ दाबलं, आणि बोलक्यासकट सगळे परत आले. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, परत कर. तीनदा करायला लावलं.

तुम्ही बाकी काही करा न करा, हे एवढं नक्की करा, आणि संगणकावर करा, फोनवर नको. दोन गोष्टी मात्र स्वतःशी लक्षात ठेवा. ‘रिस्टोर’ केलं की अख्खी फाईल त्या वेळेवर जाते, मधल्या काळात दुसऱ्यांनी भरलेल्या ओळीही मागे पडतात. म्हणून खऱ्या गडबडीत जुनी आवृत्ती नुसती उघडून हव्या त्या ओळी कॉपी करून आणणं बरं. आणि एकाच खान्याचा इतिहास बघायचा असेल तर त्यावर राइट क्लिक करून ‘शो एडिट हिस्टरी’ दाबा, कोणी आणि कधी काय बदललं ते दिसतं. हे लोकांना हत्यार म्हणून दाखवू नका. ‘कोणी चुकलं ते आता कळेल’ असं मालक एकदा जरी म्हणाले तर दुसऱ्या दिवसापासून शीटमध्ये फक्त बिनचूक गोष्टी येतील, म्हणजे फार थोड्या.

दुसऱ्या तऱ्हेचे लोक तरुण. त्यांना सगळं येतं, पण फोनवरच, आणि ते ‘नंतर भरतो’ म्हणतात. त्यांच्यासाठी फोनच्या होम स्क्रीनवर शीटचा शॉर्टकट टाकून द्या आणि ऑफिसच्या ग्रुपवर लिंक पिन करा. लिंक शोधायला वर सरकावं लागलं की माणूस ‘शुभ सकाळ’च्या फुलांत हरवतो. शेडमधल्या बायकांना फोन हातात घ्यायला लावू नका. त्यांच्या हाताला चीक असतो, आणि त्यांचं काम फळ निवडायचं आहे. शेडसाठी एक जुना फोन चार्जरला लावून खिडकीत ठेवला. तो फक्त मुकादम हाताळतो आणि भरलेल्या पेट्यांपुढे ‘भरली’ निवडतो. फळाही तसाच ठेवला आहे.

तिसऱ्या तऱ्हेचा माणूस म्हणजे मालक, आणि सगळ्यात कठीण तोच. आमचे भाऊ हौसेने हे सगळं सुरू करायला सांगतात आणि मग वाशीहून फोन करून विचारतात, ‘किती राहिल्या रे?’ एका माणसाने तोंडी उत्तर दिलं की शीट मेली. पण नोकर मालकाला ‘शीटात बघा’ असं कसं म्हणणार? म्हणून सुरुवातीलाच भाऊंना बाजूला घेऊन ठरवलं की पहिला महिना ते हा प्रश्न फोनवर विचारणार नाहीत, आणि विचारलाच तर पोरं म्हणतील, ‘भाऊ, तुमच्या फोनवर बघून तुम्हीच सांगा ना.’ दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा त्यांनीच रात्री ग्रुपवर टाकलं की एकशेअकराव्या ओळीत गाव राहिलंय. त्या दिवसापासून गाव रिकामं राहत नाही.

शिकवणी म्हणाल तर वीस मिनिटांच्या वर नको, आणि पडद्यावर चित्रं दाखवून तर नकोच. प्रत्येकाने आपल्या फोनवर आपलं नाव, आपलं गाव आणि घरी लागतील तेवढ्या पेट्या अशी एक ओळ भरायची. पाचही जण एकाच वेळी भरत असताना एकमेकांचे रंगीत चौकोन सरकताना दिसतात, आणि हसाहशीतच निम्मं शिक्षण होतं. मुंबईतल्या मुलीने तिकडून तात्यांच्या ओळीत ‘५०० पेट्या’ लिहिलं, इकडे तात्यांनी ते खोडलं, तिने पुन्हा लिहिलं. त्या मुलीला ते तोवर फक्त फोनवर ओरडले होते.

पत्रं आणि कोटेशन

डॉक्समध्ये फार शिकवावं लागत नाही. एकच गोष्ट सांगा, दुसऱ्याच्या मजकुरावर थेट लिहू नका, ‘सजेस्टिंग’ चालू करा. मग तुमची दुरुस्ती वेगळ्या रंगात दिसते, आणि ज्याचं पत्र तो ती घेतो किंवा नाकारतो. मोठ्या माणसाचं पत्र लहानाने सुधारायचं तर ही पद्धत सभ्यही आहे. काही विचारायचं असेल तर बाजूला कॉमेंट टाका, ‘ॲट’च्या खुणेपुढे माणसाचा ईमेल घातला की त्याला मेल जातो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची नोंदणी, बँकेची पत्रं, विम्याचे अर्ज, हे सगळं आम्ही आता असंच तिघांत मिळून लिहितो.

लिंक कोणाला

शेअर करताना तीन दर्जे असतात. बघणारा, कॉमेंट करणारा, बदलणारा. ज्याला लिहायचं नाही त्याला बदलायचा हक्क देऊ नका, आणि हक्क माणसाच्या ईमेलला द्या. मी घाईत ‘लिंक असेल तो कोणीही बदलू शकेल’ असं करून लिंक गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकली होती. संध्याकाळी दराच्या रकान्यात ओळीने आंब्याची चित्रं उगवली. कोणाच्या तरी पोराने फोनवर खेळता खेळता भरली असणार. इतिहासात नाव मिळेना, कारण खातं न उघडता लिंकवरून आलेला माणूस तिथे अनामिकच दिसतो. दराचा रकाना ‘प्रोटेक्ट’ करायचं मी तेव्हा शिकले.

ते हसण्यावारी गेलं, पण त्याच शीटमध्ये साडेतीनशे गिऱ्हाइकांचे फोन नंबर होते. आता गाडीवाल्यांसाठी वेगळी शीट आहे, फक्त बघायची, तिच्यात गाव आणि पेट्या एवढंच. आधार, बँक खात्याचे तपशील यांतलं काहीही कुठल्याच शीटमध्ये ठेवत नाही. गिऱ्हाइकाची माहिती सांभाळायची जबाबदारी आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही आपल्यावर टाकली आहे. आणि कोणी नोकरी सोडली की त्याच दिवशी त्याचा हक्क काढा, भांडण झालेलं नसलं तरी.

लाइट आणि रेंज

तुमच्याकडे कोणी ना कोणी हे म्हणणारच: ‘लाइट गेली की तुमची शीट कुठे जाणार?’ प्रश्न खरा आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ येऊन गेलं तेव्हा कित्येक गावांत दिवसच्या दिवस लाइट नव्हती, टॉवर बंद होते. पण त्याच वर्षी २२ जुलैला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा दुकानांतल्या, ऑफिसांतल्या वह्या आणि संगणक दोन्ही बुडाले. कागद पाण्यात जातो, शीट लाइटीवाचून अडते. दोन्हीची सोय करून ठेवायची.

ऑफिसच्या संगणकावर क्रोम किंवा एज वापरा आणि ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन चालू करून ठेवा. फोनवर त्या फायलीपुरतं ‘मेक अव्हेलेबल ऑफलाइन’ दाबा. मग रेंज नसताना भरलेलं रेंज आल्यावर आपोआप चढतं. यात एक मेख आहे. दोघांनी रेंज नसताना एकच खाना भरला तर शेवटी एकाचंच टिकतं. म्हणून आमचा नियम असा की बागेत, सड्यावर, जिथे रेंज नाही तिथे शीटला हात लावायचा नाही. खिशातल्या चिठ्ठीवर लिहायचं आणि रस्त्यावर आल्यावर भरायचं. राउटर इन्व्हर्टरवर टाका, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक फोन हॉटस्पॉटसाठी ठेवा.

सीझनमध्ये रोज दुपारी चारला मी त्या दिवसाच्या गाडीची यादी छापून घेते, अजूनही. महिन्यातून एकदा अख्खी शीट एक्सेलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर ठेवते. फाईल चुकून डिलीट झाली तर ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते, हे सगळ्यांना माहीत असू द्या.

वही बंद करायचा दिवस

वही आणि शीट महिनाभर बरोबर चालवा. रोज संध्याकाळी दोन्ही जुळवून बघायची, फरक निघाला तर कोणाला न ओरडता कारण शोधायचं. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात रोज चार-पाच फरक निघायचे, आणि गंमत म्हणजे त्यांतले दोन-तीन वहीत राहून गेलेले असायचे. हे तात्यांच्या लक्षात आलं. मी काही बोलले नाही.

पण महिनाभरच. दोन्ही कायम चालू ठेवलं तर लोक शीट ‘वरच्यांसाठी’ भरतात आणि खरं काम वहीतून करतात. तारीख आधी जाहीर करा. आमची १ मार्च होती. त्या दिवसापासून नियम एकच, शीटमध्ये नसलेली पेटी गाडीत चढणार नाही. चौथ्या दिवशी भाऊंनीच तोंडी घेतलेली तीन पेट्यांची ऑर्डर शेडमध्ये राहिली. मुकादम माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली, गाडी गेली. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण शेडमध्ये सगळ्यांना कळलं की हे खरंच आहे.

तात्यांनी वही बंद केलेली नाही. तिच्यात ते आता ऑर्डरी लिहीत नाहीत, पावसाची नोंद ठेवतात, कोणत्या दिवशी किती आणि कोणत्या बागेत फळ गळलं ती. त्याची शीट करू का, असं मी विचारलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात एकदा त्यांनी मला हाक मारून बोलावलं. एकशेत्रेचाळिसाव्या ओळीत सहाच्या नऊ पेट्या झाल्या होत्या, मुंबईच्या पोरीशिवाय हे कोणाचं काम नाही, आता तिला दाखवतोच, म्हणून त्यांनी स्वतःच त्या खान्यावर राइट क्लिक केलं आणि इतिहास उघडला. सकाळी अकरा वाजून चार मिनिटं. खाली नाव त्यांचंच होतं.

थोडा वेळ ते पडद्याकडे बघत राहिले. मग टेबलावरचे कागद इकडेतिकडे करत म्हणाले, “गे बाय, माझो चष्मो खंय ठेवलंय बघ जरा.”